बाजाराचे भविष्य वर्तवू इच्छिणाऱ्यांस सूचना

बेळगाव, खानापूर आणि निपाणी परिसरातील ज्या सुज्ञ मंडळींनी उसाचे बिल खात्यात जमा होताच ते ऑप्शनमध्ये, म्हणजे ठरल्या भावाने पुढे खरेदी किंवा विक्री करण्याच्या हक्काच्या सौद्यांत, घालण्याचा निश्चय केला आहे, त्यांनी इंडिया व्हिक्स समजून घेण्याच्या भानगडीत पडू नये. निफ्टीच्या ऑप्शनच्या भावांवरून काढलेला हा आकडा पुढील 30 दिवसांत बाजार किती हलेल याचा अंदाज वार्षिक टक्केवारीत देतो आणि वर की खाली याविषयी अवाक्षरही काढत नाही. तेवढी दिशा आपण पदरची घालावी. व्हिक्स 14 असेल, तर 12 च्या वर्गमुळाने भागून महिन्याचा साधारण 4 टक्के चढउतार निघतो. पण असले हिशेब ज्यांना आतून काही जाणवत नाही त्यांच्यासाठी असतात.

2004 पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाचा निकाल कधी लागेल, असे विचारले की आपल्याकडची जाणती माणसेही मान हलवतात. निफ्टी पुढच्या आठवड्यात कुठे बंद होईल, हे मात्र तीच माणसे छातीठोकपणे सांगतात. त्यांचे ऐकावे.

अभ्यासाचा आधार हवाच असेल, तर बोलर्सलेव्ह, टॉचेन आणि झोऊ या अर्थशास्त्रज्ञांचा 2009 मधील निबंध पुढे करावा. ऑप्शनच्या भावांत गृहीत धरलेली अस्थिरता, म्हणजे चढउतार, आणि प्रत्यक्षात घडलेली अस्थिरता यांतील फरकावरून अमेरिकी शेअरबाजाराच्या पुढील परताव्याचा थोडाफार अंदाज येतो, आणि तो तिमाहीच्या आसपास सर्वाधिक जुळतो, असे त्यांना आढळले. आपण ‘तिमाही’च्या जागी ‘उद्या सकाळी सव्वानऊ’ असे वाचावे आणि ‘थोडाफार’ हा शब्द गाळावा.

हा फरक बहुधा ऑप्शन विकणाऱ्याच्या पदरात पडतो, कारण भ्यालेला माणूस संरक्षणासाठी जास्त पैसे मोजतो. म्हणून आपण विकावे. शहापुरातील एखाद्या साडीच्या दुकानात, गिऱ्हाईकापुढे पदर उलगडून धरलेला असताना, मालकाचा एक डोळा गल्ल्याशेजारच्या मोबाइलवर असतो; विकलेल्या पुटचा, म्हणजे बाजार पडल्यास घेणाऱ्याला भरपाई देणाऱ्या ऑप्शनचा, भाव चाळीसवरून अडतीसवर आला की साडीवर न मागता सूट मिळते. हे सुख महिनोन्‌महिने टिकते. 23 मार्च 2020 रोजी निफ्टी एकाच दिवसात सुमारे 13 टक्के कोसळला होता, असे कोणी म्हणाल्यास तो अपवाद होता म्हणून विषय बदलावा. 3 जून 2024 रोजी एक्झिट पोलच्या आनंदात 3 टक्क्यांहून अधिक चढलेला बाजार दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू असताना जवळपास 6 टक्के घसरला, हाही अपवादच. आपल्या खात्याला बहुधा असा एकच अपवाद पुरतो.

2022 ते 2024 या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी 93 टक्के तोट्यात गेले, असे सेबीने सांगितले आहे. उरलेल्या 7 टक्क्यांत बेळगावकर नाहीत, असे कुठेही म्हटलेले नाही.

मार्जिन, म्हणजे सौद्यापोटीची अनामत, भरा म्हणून ब्रोकरचा फोन येण्याची चिन्हे दिसताच भीमगडच्या जंगलाकडे सहल काढावी. तिकडे फोन लागण्याची शक्यता कमी, आणि आपले सौदे कापायला ब्रोकरला आपली गरजही नसते.