आरसा फिरला नाही, कारण माझ्या लेखात आवृत्तीच लिहिलेली नव्हती

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझ्या स्मार्ट मिररच्या (अर्धपारदर्शक काचेमागे मॉनिटर लावलेल्या आरशाच्या) लेखाप्रमाणे रास्पबेरी पाय या छोट्या लिनक्स कॉम्प्युटरच्या कॉन्फिग फाइलमध्ये चित्र उभं करणारी 'डिस्प्ले रोटेट'ची ओळ घातली, पुन्हा पुन्हा रीबूट केलं, तरी चित्र आडवंच राहिलं. शिवाय काचेमागे काळ्याऐवजी राखाडी चौकोन दिसतो. एवढी झटापट करावी लागत असेल तर लिनक्स या कामाचं नाही.

पहिला मुद्दा पूर्ण बरोबर आहे. तुमचा दिवस माझ्यामुळे वाया गेला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

ती ओळ चालायची तेव्हा पडद्याचा ताबा पायच्या फर्मवेअरकडे, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या अंतर्गत सॉफ्टवेअरकडे होता. नोव्हेंबर २०२१मध्ये पायच्या ऑपरेटिंग सिस्टिमची 'बुल्सआय' ही आवृत्ती आली आणि हा ताबा केएमएसकडे, म्हणजे थेट कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरकडे गेला. तेव्हापासून ती ओळ फाइलमध्ये नुसती पडून राहते. एरर नाही, इशारा नाही. माणूस आपलंच स्पेलिंग चुकलं असेल म्हणून ते तपासत बसतो, आणि तुमचंही तेच झालं. पुढे ऑक्टोबर २०२३च्या 'बुकवर्म' आवृत्तीनं ती फाइल बूटच्या आतल्या फर्मवेअर फोल्डरमध्ये हलवली, आणि पाय ४ व ५ वर डेस्कटॉप रंगवणाऱ्या जुन्या एक्स-इलेव्हन यंत्रणेच्या जागी नवी वेलँड आणली. मी लेख जुनी आवृत्ती असलेल्या मेमरी कार्डावर करून पाहिला आणि आवृत्ती लिहिलीच नाही. आता ती पहिल्याच ओळीत घातली आहे.

म्हणून काहीही बदलण्याआधी एकच प्रश्न विचारा: या क्षणी पडदा कोण रंगवतंय? तुम्ही लिहिलंय की सेशनचा प्रकार विचारल्यावर 'टीटीवाय' असं उत्तर आलं. ते उत्तर तुमच्या एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून केलेल्या) लॉगिनचं आहे, आरशावर चाललेल्या डेस्कटॉपचं नाही. त्यापेक्षा चालू प्रोसेसची यादी बघा. त्यात लॅबडब्ल्यूसी किंवा वेफायर दिसलं तर वेलँड, एक्सऑर्ग दिसलं तर एक्स-इलेव्हन.

एक्स-इलेव्हनवर 'एक्सरँडर' या आज्ञेनं पडदा फिरतो. वेलँडवर तीच आज्ञा आउटपुटची (पडदा जोडलेल्या पोर्टची) यादी दाखवते, पण फिरवत काहीच नाही. तिथे 'डब्ल्यूएलआर-रँडर' लागतो. दोन्हीकडे आउटपुटचं नावही वेगळं असतं: एकीकडे 'एचडीएमआय-१', दुसरीकडे 'एचडीएमआय-ए-१'. आधी यादी मागवा आणि त्यातलंच नाव जसंच्या तसं वापरा. शिवाय एसएसएच किंवा क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या सोयीतून) ही आज्ञा दिली तर तिला डेस्कटॉप सापडत नाही. वेलँड डिस्प्ले आणि रनटाइम डिरेक्टरी ही दोन व्हेरिएबल आधी सांगावी लागतात. रात्री पडदा बंद करणारी स्क्रिप्ट हाताने चालते पण वेळापत्रकातून चालत नाही, त्याचं कारणही बहुतेक वेळा हेच असतं.

असं फिरवलेलं चित्र पुढच्या लॉगिनला परत आडवं होतं. कायमचं करायचं तर डेस्कटॉपच्या पडद्याच्या सेटिंगमधून (बुकवर्ममध्ये 'स्क्रीन कॉन्फिगरेशन') दिशा निवडून सेव्ह करा. त्यासाठी एकदा माउस जोडावा लागेल, पण मला हाच मार्ग सर्वात भरवशाचा वाटतो. कर्नलच्या कमांड लाइनमध्ये 'रोटेट' घालण्याचा सल्लाही तुम्हाला कुणीतरी देईल. त्यानं डेस्कटॉप येण्याआधीच्या काळ्या पडद्यावरची अक्षरं फिरतात. डेस्कटॉप मात्र आपली दिशा स्वतःच ठरवतो.

आता राखाडी चौकोन. आरशासाठी मला हा प्रश्न फिरवण्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो, कारण काळा खरा काळा नसेल तर काचेमागचा मॉनिटर लपतच नाही. एचडीएमआयवर रंग दोन प्रकारे जातात: पूर्ण रेंजमध्ये ० ते २५५, मर्यादित रेंजमध्ये १६ ते २३५. पायनं मर्यादित पाठवलं आणि मॉनिटर पूर्ण समजून बसला, तर तुमचा शून्य काळा १६ म्हणून येतो. उजेडातल्या साध्या मॉनिटरवर हे फारसं जाणवत नाही; अर्धपारदर्शक काचेमागे, अंधाऱ्या खोलीत, लगेच डोळ्यांत भरतं. मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत 'आरजीबी रेंज' किंवा 'ब्लॅक लेव्हल' शोधा आणि दोन्ही पर्याय रात्री दिवा बंद करून पाहा. त्यानंतरही थोडी चमक उरली तर ती एलसीडीच्या बॅकलाइटची. तो काळ्या पिक्सेलमागेही जळत असतो, त्यामुळे तिथे ब्राइटनेस कमी करणं एवढंच हाती आहे.

लिनक्स या कामाचं नाही, हे मात्र मला पटत नाही. पूर्वी पडद्याच्या नाड्या एका बंद फर्मवेअरच्या हाती होत्या. त्यात काय बिघडलं ते आपल्याला बघताच येत नव्हतं. आज कर्नलला नक्की कोणता मॉनिटर दिसतोय आणि त्यानं कोणते मोड सांगितले, हे तुम्ही स्वतः वाचू शकता. बदल त्रासाचा झाला हे खरं, पण बंद खोक्याकडे परत जाण्यापेक्षा तो त्रास मला मंजूर आहे.

प्रोसेसच्या यादीत काय दिसलं आणि रेंज बदलल्यावर चौकोन गेला का, एवढं कळवा. तुमचं उत्तर आल्यावर फिरवण्याचा भाग नव्यानं लिहायला घेतो.