रोटरी सेंटर एकदा सेट केलं की कायमचं? नाही

ट्रनियन टेबलाच्या, म्हणजे कलणाऱ्या आणि स्वतःभोवती फिरणाऱ्या टेबलाच्या, पाच अ‍ॅक्सिस मशीनबद्दल एक सल्ला शॉपफ्लोअरवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरत असतो: ‘रोटरी सेंटर कंपनीवाले मशीन बसवतानाच सेट करून देतात, त्याला हात लावू नका. शंका आलीच तर टेबलच्या बोअरला डायल लावून टेबल फिरवा; काटा हलला नाही म्हणजे सेंटर बरोबर. थोडाफार फरक जी-५४ मध्ये मारा. टीसीपी चालू असेल तर तेही नको.’ रोटरी सेंटर म्हणजे टेबल ज्या अक्षांभोवती फिरतं त्यांची मशीनमधली जागा, कंट्रोलमध्ये आकड्यांनी भरलेली. जी-५४ म्हणजे जॉबचा झीरो कुठे आहे ते सांगणारा ऑफसेट, आणि टीसीपी म्हणजे टेबल फिरलं तरी टूलचं टोक जॉबवर योग्य जागी ठेवणारी कंट्रोलची सोय. नवीन सेटरला हा सल्ला तयार मिळतो आणि तो वर्षानुवर्षं तेच धरून चालतो. यातलं एकही वाक्य जसंच्या तसं घेण्यासारखं नाही.

आधी डायलचं बघू, कारण डोळ्यांना पटतं ते हेच. मॅग्नेटिक स्टँड बेडवर, डायलचं टोक बोअरमध्ये, म्हणजे टेबलच्या मधल्या भोकात, टेबल फिरतंय, काटा जागचा हलत नाही. यावरून एवढंच कळलं की बोअर आणि टेबलचा फिरण्याचा अक्ष एका केंद्रावर आहेत. तो अक्ष मशीनच्या एक्स आणि वायमध्ये नेमका कुठे आहे, हे डायलने सांगितलेलंच नाही. कंट्रोलमध्ये सेंटरचा एक्स मुद्दाम अर्धा मिलिमीटर चुकीचा भरा आणि हीच तपासणी करून बघा. काटा तितकाच स्थिर राहील. जागा शोधायची असेल तर डायल स्पिंडलला लावून बोअरभोवती फिरवावा लागतो. तेही टेबल ० अंशावर आणि १८० अंशावर ठेवून, म्हणजे बोअरचा स्वतःचा रन-आऊट (अक्षापासून सरकलेला असण्याचा फरक) सरासरीत निघून जातो.

आणि हे झालं फक्त सी अक्षाचं, ज्याभोवती टेबल स्वतःभोवती फिरतं. ए अक्षाला, म्हणजे ज्यावर टेबल कलतं त्याला, डायल फिरवायला बोअरच नाही. त्याचं सेंटर वाय आणि झेडमध्ये असतं, बऱ्याच मशीनवर टेबलच्या वर चक्क हवेत. सल्ल्यात त्याचा उल्लेखही नाही. तिथे कॅलिब्रेशनचा गोळा लागतो. ए ० वर गोळ्याचा मध्य प्रोबने (स्पिंडलमध्ये बसणाऱ्या, स्पर्शाने जागा मोजणाऱ्या साधनाने) मोजायचा, ए ९० वर फिरवून पुन्हा मोजायचा. दोन वाय आणि दोन झेड हाती आले की पुढे शाळेतली भूमिती. या हिशेबात एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. वायचं सेंटर काढताना दोन झेड एकमेकांतून वजा होतात, म्हणून प्रोबची लांबी २० मायक्रॉनने चुकलेली असली तरी वाय शाबूत राहतं. झेडचं सेंटर मात्र पूर्ण २० मायक्रॉनने सरकतं. म्हणून गोळा टेबलवर बसवण्याआधी प्रोब कॅलिब्रेट करायचा, नंतर नाही. सिमेन्स कंट्रोलची सायकल (तयार मोजणी प्रोग्राम) ९९६ किंवा हाइडेनहाइन कंट्रोलची ४५१ हे काम जास्त कोनांवर मोजून करते, पण प्रोब चुकीचा असेल तर त्याही चुकीचंच सेंटर देतील.

जी-५४ मध्ये फरक मारण्याचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण पहिल्या बाजूवर तो लागू पडल्यासारखा दिसतो. समजा सेंटर वायमध्ये १५ मायक्रॉनने चुकलंय. जॉब सी ० वर प्रोब केला, तिथे सगळं बरोबर. सी ९० वर चूक २१ मायक्रॉन, १८० वर ३०. आता १८० ची बाजू जमवायला जी-५४ सरकवा, ० ची बाजू तेवढीच बिघडते. टेबल फिरलं की जॉबच्या दृष्टीने चुकीची दिशाही बदलते, आणि ऑफसेट बिचारा एकाच दिशेचा. हां, काम तीन-अधिक-दोनचं असेल, म्हणजे टेबल एका कोनावर थांबवून कापायचं असेल, कोन दोन-चारच असतील आणि प्रत्येक कोनावर वेगळा ऑफसेट प्रोब करून घेत असाल तर चालतं. अनेकजण तसं व्यवस्थित काम करतातही. इम्पेलरसारख्या सलग पाच अ‍ॅक्सिस कामात तो रस्ताच बंद आहे.

टीसीपीबद्दल फार लिहायची गरज नाही. टेबल फिरताना टूलचं टोक जॉबवर कुठे ठेवायचं, हे टीसीपी त्याच सेंटरच्या आकड्यांवरून काढतं. हासच्या मशीनवर ते आकडे सेटिंग २५५, २५६ आणि २५७ मध्ये असतात. आकडे चुकले तर टीसीपी ती चूक प्रोग्रामच्या प्रत्येक ब्लॉकमध्ये, म्हणजे ओळीत, इमानदारीने वापरतं.

राहिलं ‘कंपनीने सेट केलेलं’. त्या दिवशी ते बरोबरच असतं. पण ते मोजलेलं असतं मशीन झीरोपासून. एन्कोडरची (अक्षाची जागा मोजणाऱ्या भागाची) बॅटरी संपून रेफरन्स गेला आणि होम पुन्हा शिकवलं, की झीरो थोडा हलतो आणि सेंटरचे जुने आकडे लटकतात. टूल फिक्स्चरला ठोकलं, मशीन पुन्हा लेव्हल केली, स्पिंडल बदलला, तरी तेच. आणि तापमान रोजचंच आहे. कास्ट आयर्न १ मीटरला, १ अंशाला साधारण ११ मायक्रॉन वाढतं. भोसरीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये जानेवारीतली सकाळ आणि मे महिन्यातली दुपार यांत किती अंशांचा फरक असतो ते तिथे काम करणाऱ्याला सांगायला नको. स्केल (मशीनची मोजपट्टी) आणि बेडही वाढत असल्याने सगळी वाढ सेंटरमध्ये उतरत नाही, पण १०-१५ मायक्रॉन उतरायला तेवढं पुरतं.

तपासणीला महागडं काही लागत नाही. मशीन तासभर गरम करा. अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घ्या, टीसीपी चालू ठेवा. त्याच्या वायकडे तोंड असलेल्या एका उभ्या भिंतीचा अर्धा भाग सी ० वर एंडमिलच्या बाजूने फिनिश करा, टेबल १८० फिरवून उरलेला अर्धा भाग त्याच मापाला फिनिश करा. आता मध्ये डायल फिरवा. कटरचा व्यास चुकला असला तरी दोन्ही भागांवर सारखाच चुकतो, त्यामुळे पायरी दिसली तर संशय आधी सेंटरवरच घ्यायचा. वायमधली चूक त्या पायरीच्या निम्मी. हेच सी ९० आणि २७० वर केलं की एक्सची चूक कळते. ठोकर बसल्यावर, होम शिकवल्यावर आणि ऋतू बदलताना हा ठोकळा चढवायचा, आणि पायरी जॉबच्या टॉलरन्सला झेपणारी नसेल तर गोळा लावून सेंटर पुन्हा मोजायचं.