क्लस्टर उभारा, झोप उडवा

राजेहो, साहेबांनी मीटिंगमध्ये ‘हाय अव्हेलेबिलिटी’, म्हणजे एखादा सर्व्हर पडला तरी काम चालू, असं म्हटलं ना? मग रॅबिटएमक्यूचा, म्हणजे ॲपांमधले निरोप रांगेत ठेवून पोचवणाऱ्या ब्रोकरचा, क्लस्टर (एकत्र जोडलेले सर्व्हर) आलाच.

सर्व्हर दोनच मागा. तिनावर क्वोरम क्यू (अनेक सर्व्हरांवर प्रती ठेवणारी निरोपांची रांग) एक नोड, म्हणजे क्लस्टरमधला एक सर्व्हर, पडला तरी बहुमतानं चालत राहते, मग रात्री तुम्हाला विचारणार कोण? दोनातला एक गेला की बहुमत संपलं, क्यू अडली. तीन गळ्यात पडलेच, तर तिन्ही व्हर्च्युअल मशीन एकाच यंत्रावर आणि एकाच यूपीएसवर बसवा. नवतपात एसी साहेबांच्या केबिनला लागतो. सर्व्हरच्या खोलीत वाळ्याचा कूलर ठेवा, म्हणजे सर्किटांनाही ओलावा मिळेल.

रॅबिटएमक्यू ज्या अर्लांग भाषेत लिहिलंय तिच्या कुकीला, म्हणजे नोडांनी एकमेकांना ओळखायच्या गुप्त शब्दाच्या फाइलला, हात लावू नका. प्रत्येक नोड पहिल्यांदा सुरू होताना आपली कुकी आपणच बनवतो, आणि कुकी निराळ्या असल्या की नोड एकमेकांना दारात उभं करत नाहीत. कॉपी केलीच तर परवानगी ७७७ (सगळ्यांना सगळं खुलं) द्या. मालकाशिवाय कुणालाही ती फाइल वाचता आली तर अर्लांग सुरूच होत नाही; ४०० (फक्त मालकाला वाचता येईल अशी) ठेवणारे उगाच घाई करतात. फायरवॉलमध्ये ॲपांचा पोर्ट ५६७२ उघडा, बस. नोड आपसात ४३६९ आणि २५६७२ वर बोलतात, पण घरातलं बोलणं काहून चव्हाट्यावर आणायचं?

जोडणी मात्र नीट उलटी करा. जोडायचा नोड आधी रीसेट होतो, त्याच्यावरच्या क्यू, युजर, सगळं पुसलं जातं. म्हणून भरलेला जुना नोडच नव्या रिकाम्याला जोडा. एवढ्यानं भागलं नाही तर यंत्राचं होस्टनेम बदला. डेटाची डिरेक्टरी नोडच्या नावानं असते, त्यामुळे नवा कोरा ब्रोकर उगवेल. जुना डेटा शेजारच्याच डिरेक्टरीत शाबूत असतो, हे कुणाला सांगू नका.

एक नोड नागपूरच्या मिहानमध्ये, दुसरा पुण्यात, हेही छान. लांबच्या लिंकसाठी एका ब्रोकरकडून दुसऱ्याकडे निरोप नेणारं फेडरेशन किंवा शॉव्हेल असतं म्हणणाऱ्याला तर्री-पोहे खायला धाडा.

डिस्कच्या मोकळ्या जागेची मर्यादा मूळच्या ५० एमबीवर राहू द्या. एका नोडची डिस्क भरली की अख्ख्या क्लस्टरचे पब्लिशर, म्हणजे निरोप धाडणारे, अडतात. याला म्हणतात एकजूट.

शेवटी ॲपच्या कॉन्फिगमध्ये पत्ता फक्त पहिल्या नोडचा लिहा. डेमोत साहेबांसमोर बंद करून दाखवायचा तो तिसरा.