खडकाचं वय जीवाश्मावरून आणि जीवाश्माचं खडकावरून?

आमच्या सोलापूरच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरून फिरून येतोय: ‘शास्त्रज्ञ खडकाचं वय जीवाश्मावरून काढतात आणि जीवाश्माचं खडकावरून. आपल्या काळ्या पाषाणाची ६.६ कोटी वर्षंही अशीच. दाताच्या कणावरून कुठं वय कळतं का?’

काळ्या पाषाणाचं आधी उरकतो. तो थिजलेला लाव्हा. त्याचं वय त्याच्यातल्या पोटॅशियमचा किती आर्गॉन झाला, युरेनियमचं किती शिसं झालं, यावरून काढलंय. हा आकडा शंखशिंपल्यांना विचारून आलेला नाही.

आता ते वर्तुळ. विहीर खणताना आधी माती लागते, मग मुरूम, मग पाषाण. थर उलथले नसतील तर खालचा आधीचा, एवढं गवंड्यालाही कळतं. इंग्लंडमध्ये कालव्यांची मोजणी करणाऱ्या विल्यम स्मिथला दिसलं की थराथरातले जीवाश्म वेगळे, आणि त्यांचा क्रम गावोगाव तोच. त्याचा थरांचा नकाशा १८१५चा, डार्विनचा उत्क्रांतीचा ग्रंथ १८५९चा. म्हणजे क्रम आधी लागला. वर्षांचा आकडा नंतर, आणि दुसरीकडूनच आला.

कुठून, ते चीनमधल्या मेइशानला दिसतं. तिथं पर्मियन कालखंड संपून ट्रायासिक कुठं सुरू झाला, ते ‘हिंडिओडस पार्व्हस’ या कोनोडाँटच्या, म्हणजे ईलसारख्या एका सागरी प्राण्याच्या, पहिल्या दातावरून ठरवलंय. त्या रेषेच्या वर आणि खाली, वीतभराच्या आत, ज्वालामुखीच्या राखेचे थर आहेत. राखेतल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांमध्ये युरेनियमचं घड्याळ चालू असतं. त्यावरून रेषेचं वय निघालं २५.१९ कोटी वर्षं. मग जिथं राख नाही तिथं तोच दात पहिल्यांदा दिसतो त्या थराला हा आकडा लावता येतो. वर्तुळ कुठाय यात? काही पाठ्यपुस्तकं मात्र ही राखेची पायरी गाळतात, त्यामुळं घोळ होतो हे खरं.

आणि दाताचा कण? लहान आहे म्हणूनच तर कामाचा. बोअरच्या चुऱ्यात मोठ्या शिंपल्याचा भुगा होतो, मिलिमीटरभराचा दात शाबूत राहतो. शहाबादीवर लिंबू सांडलं की डाग पडतो ना? आम्ल चुनखडी खातं. प्रयोगशाळेत असाच चुनखडक सौम्य अॅसिटिक आम्लात दिवसेंदिवस भिजत ठेवतात. चुना विरघळतो, फॉस्फेटचे दात तळाशी उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक टिपायचा. (शहाबादीत मात्र शोधू नका, तो थर कोनोडाँटांच्याही आधीचा.) हे कोनोडाँट २० कोटी वर्षांपूर्वी संपले. समुद्रभर पसरलेले आणि त्यांच्या जाती भराभर बदलत गेलेल्या, म्हणून थर ओळखायला सोयीचे.

खरी अडचण वेगळीच आहे. जुन्या थरातले दात कधी सुटे होऊन वाहत येतात आणि नव्या थरात बसतात. म्हणून एका दातावर निकाल देत नाहीत, सोबतचे सगळे बघतात. मेसेजवाल्यानं ही शंका काढली असती तर मलाही जरा घाम फुटला असता.