मृत्यू घटले म्हणजे रस्ता सुरक्षित झाला असं नव्हे
जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर वाहनं वाढूनही प्राणी कमी मरताहेत, म्हणजे ते सरावले, असा निष्कर्ष एका लेखात काढलाय; तो चुकीचा आहे. रहदारी मध्यम असते तेव्हा दोन गाड्यांमधली फट प्राण्याला फसवते आणि बळी वाढतात. रांग अखंड झाली की चितळ, सांबर कडेवरूनच मागे फिरतात. मृत्यू घटतात, पण जंगलाचे दोन तुकडे पडतात. बेडूक-साप मात्र थांबत नाहीत, चिरडले जातात आणि उजाडेपर्यंत कावळे-कुत्री ते उचलून नेतात. म्हणून मेलेल्या प्राण्यांची मोजणी पहाटे, पायी, साइडपट्टीसह हवी. रात्रीची वाहनं तासवार, वेगळी मोजा. पेंच व्याघ्र प्रकल्पात राष्ट्रीय महामार्ग ४४ वर ९ ठिकाणी रस्ता उचलून खालून ५० ते ७५० मीटरच्या वाटा ठेवल्यात, तिथून वाघही जातात. अशा जागा ठरवताना कडेवरून परतलेल्या पावलांचे ठसेही मोजायलाच हवेत.