हरलो की कीपर बदला, दरवेळी तेच!

परत हरलो आणि नेहरूनगरच्या हॉकी ग्राऊंडबाहेर चहाच्या टपरीवर परत तेच सुरू, "कीपर बदला, कीपर बदला". अरे काय लावलंय राव! सलग चौथी मॅच गेली, मान्य, पण डिफेन्सवाले डीमध्ये, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलात, बॉल पायाला लावून घेतात अन् पेनल्टी कॉर्नरवर पेनल्टी कॉर्नर देतात त्याचं काय? ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच गोल, समोरून ड्रॅगफ्लिकचा जोरदार फटका येतोय, फटका मारणाऱ्यावर धावून जाणारा पहिला रशर नीट धावतच नाही, मग त्या पोराने एकट्याने अडवायचं तरी किती? पॅरिस ऑलिम्पिकला २०२४ मध्ये आपल्या डिफेंडर अमित रोहिदासला रेड कार्ड मिळालं तेव्हा ब्रिटनसमोर आपण ४० मिनिटांहून जास्त दहा जणांत खेळलो, कीपर श्रीजेश भिंतीसारखा उभा होताच, पण बाकीचे जीव तोडून मागे पळत होते म्हणून शूटआऊटपर्यंत पोचलो ना! आमच्याकडे पहिला शॉट कीपर अडवतो आणि रिबाऊंड क्लिअर करायला एक माणूस जवळ नसतो. कालचा पायातून गेलेला गोल ही कीपरचीच चूक, ते मीही म्हणतो. पण बेंचवरचा सतरा वर्षांचा पोरगा, त्याला या डिफेन्समागे उभा करून त्याचाही कॉन्फिडन्स घालवायचाय का?