थंड डोळ्यांच्या मुलाचं काय करायचं?

अल्पवयीन मुलाच्या हातून काही भयंकर घडलं की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतो, फोडून काढा. दुसरा म्हणतो, लेकरू आहे, समजावून सांगा. 2015 च्या बाल न्याय कायद्याने 16 ते 18 वयाच्या मुलांवर निर्घृण गुन्ह्यासाठी प्रौढांसारखा खटला चालवायची वाट खुली केली, तेव्हापासून तर आवाज चढलेलेच आहेत. इंग्लंडमध्ये बसून ही भांडणं वाचताना जीव तुटतो, कारण मुलगा आतून कसा आहे, हे कुणीच विचारत नाही.

इथल्या शाळेत मदतनीस म्हणून काम करताना दोन मारकुटी मुलं जवळून पाहिली. एकाला कुणी रोखून बघितलं तरी तो अंगावर धावून जायचा आणि मग कोपऱ्यात हुंदके देत बसायचा. दुसऱ्याने एका पोराचा चष्मा शांतपणे पायाखाली चिरडला. ते पोर रडत होतं आणि याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. शिक्षा दोघांना एकच, मधल्या सुट्टीत एकटं बसायचं. पहिला घाबराघुबरा झाला. दुसऱ्याने पेन्सिलीला टोक काढत वेळ घालवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच केलं.

दुसऱ्यासारख्या थंड मुलांची लक्षणं ठरलेली असतात: पश्चात्ताप नाही, कणव नाही, भावना वरवरच्या, अभ्यासात मागे पडल्याची फिकीर नाही. या चारपैकी किमान दोन लक्षणं वर्षभर आणि वेगवेगळ्या ठिकाणी दिसली, तरच डीएसएम-5 ही मानसिक आजारांची निदानपुस्तिका मूल असं थंड असल्याची नोंद करू देते. एका भांडणावरून कुणालाही निर्दय ठरवायचं नाही, ही अट मला फार मोलाची वाटते.

अशा मुलांना शिक्षेचं भय कमीच वाटतं. पण म्हणून ती हाताबाहेर गेली असं मुळीच नाही. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियात हॉज आणि डॅड्स या संशोधकांनी पालकांच्या प्रशिक्षणाचा अभ्यास केला. कौतुक-बक्षिसाचा भाग या मुलांनाही इतरांइतकाच लागू पडला, 'टाइम-आउट', म्हणजे शिक्षा म्हणून थोडा वेळ एकटं बसवणं, मात्र कमी पडला. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या मेंडोटा केंद्रात अत्यंत हिंसक किशोरांना कालच्या चांगल्या वागण्याबद्दल आज सवलत मिळते. तिथून बाहेर पडलेल्यांचे हिंसक गुन्हे नेहमीच्या सुधारगृहातल्या मुलांपेक्षा कमी आढळले.

इंग्लंडचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. इथेही अशा मुलांना शाळेतून कायमचं काढतात आणि उपचारांसाठी महिनोन् महिने ताटकळत ठेवतात.

आपल्या कायद्याच्या कलम 15 मध्ये प्राथमिक मूल्यमापन आहे. त्यात गुन्हा करण्याची क्षमता, परिणामांची समज आणि परिस्थिती तपासतात. थंड मुलाला परिणाम चोख समजतात, फक्त आतून काही हलत नाही. त्यामुळे तो मोठ्या माणसासारखा निर्ढावलेला दिसतो आणि उपचारांची सगळ्यात जास्त गरज असलेलाच तुरुंगाकडे ढकलला जाण्याची भीती असते. त्याच मूल्यमापनात याला कोणते उपचार लागू पडतील, हेही मानसोपचारतज्ज्ञाने लिहून द्यावं, आणि निरीक्षणगृहातल्या काळजीवाहकांना व आईवडिलांना ते शिकवावं, एवढं तरी मागायलाच हवं.